रेसिडेंट आणि सेनानी : नागपूरच्या युद्धातील (१८१७-१८) मुलकी व लष्करी अधिकारांचा प्रश्न

प्रस्तावना

वसाहतकालीन युद्धांचा इतिहास बहुधा लढायांच्या क्रमाने लिहिला जातो. त्यात सेनापतीचे नाव ठळक असते, मृत आणि जखमींचे आकडे असतात, जिंकलेल्या तोफांची संख्या असते. परंतु लढण्याचा अथवा लढाई थांबविण्याचा निर्णय कोणी घेतला, तो घेण्याचा अधिकार नेमका कोणाचा होता आणि शत्रूला दिलेला शब्द कोणाला बंधनकारक होता, हे प्रश्न सहसा बाजूला पडतात. ईस्ट इंडिया कंपनीच्या राजवटीत या प्रश्नांना विशेष महत्त्व होते. व्यापारी मंडळ, त्याचे मुलकी नोकर आणि त्याच्या पलटणींचे अधिकारी या तिघांनी मिळून एक सत्ता उभारली होती. या तिघांतील सीमारेषा कागदावर स्पष्ट असल्या, तरी रणभूमीवर त्या वारंवार पुसट होत.

नागपूरच्या इतिहासात ही सीमारेषा १८१७ च्या नोव्हेंबरपासून १८१८ च्या मे महिन्यापर्यंत सतत तपासली गेली. सीताबर्डीची लढाई, त्यानंतरचा नागपूर शहराचा वेढा, अप्पासाहेब भोसले यांची पुनःस्थापना आणि त्यांची अटक या घटना सर्वपरिचित आहेत. प्रस्तुत लेखात त्यांच्याकडे एका मर्यादित दृष्टीने पाहिले आहे. रेसिडेंट रिचर्ड जेंकिन्स, त्याच्या दिमतीला असलेले लष्करी अधिकारी आणि दूरच्या छावणीतील गव्हर्नर जनरल यांच्यात निर्णयाचा अधिकार कसा विभागला गेला होता, आणि या विभागणीचा भोसल्यांच्या राज्यावर कोणता परिणाम झाला, एवढाच येथील विषय आहे.

वडगावचा धडा

या विषयाची सुरुवात नागपुरात होत नाही. ती पुण्याच्या वाटेवर, बोरघाटाच्या माथ्यावर होते. रघुनाथरावांना पुण्याच्या गादीवर बसविण्यासाठी मुंबईकर इंग्रजांनी १७७८ च्या अखेरीस सुमारे चार हजारांची फौज पाठविली. या फौजेचे नेतृत्व एका सेनापतीकडे नव्हते, तर एका समितीकडे होते. मुंबई कौन्सिलचा सभासद जॉन कारनॅक, लष्करी अधिकारी कर्नल चार्ल्स एगर्टन आणि पुणे दरबारात वकील म्हणून राहिलेला थॉमस मोस्टिन हे तिचे सभासद होते. युद्धभूमीवर मुलकी शासनाचे नियंत्रण राहावे, सेनापतीने परस्पर तह करू नये, असा या योजनेचा हेतू होता. तत्त्व म्हणून त्यात गैर काही नव्हते.

व्यवहारात मात्र ही योजना फसली. मोस्टिन आजारी पडून मुंबईस परतला आणि १ जानेवारी १७७९ रोजी मरण पावला. मराठ्यांचे राजकारण जाणणारा समितीतील एकमेव सभासद असा आरंभीच गेला. एगर्टनची प्रकृतीही ढासळली व त्याने लष्कराचे नेतृत्व लेफ्टनंट कर्नल कॉकबर्नकडे सोपविले, परंतु समितीतील त्याचे स्थान कायम राहिले. फौज अतिशय संथ गतीने पुढे सरकत होती. कार्ल्याजवळ कॅप्टन स्टुअर्ट पडला. मराठी माणसांनी त्याच्या शौर्याची कदर करून त्याला ‘इष्टुर फाकडा’ हे नाव दिले. तळेगावास पोहोचल्यावर माघारीचा निर्णय झाला आणि वडगावला घेरल्या गेलेल्या समितीने शरणागतीचा करार केला. हा करार करण्याचा समितीला अधिकारच नव्हता, अशी भूमिका घेऊन मुंबई सरकारने व नंतर वॉरन हेस्टिंग्जने तो झिडकारला. कंपनीच्या संचालकांनी कारनॅक, एगर्टन व कॉकबर्न या तिघांनाही नोकरीतून काढले. मुलकी सभासद एक आणि लष्करी अधिकारी दोन, असे शिक्षेचे वाटप झाले.

वडगावच्या प्रकरणातून दोन गोष्टी स्पष्ट झाल्या. समितीने युद्ध चालविता येत नाही, ही पहिली. दुसरी अधिक महत्त्वाची आहे. पराभूत अधिकाऱ्याने दिलेला शब्द वरिष्ठ सत्ता ‘अधिकाराबाहेरचा’ ठरवून मोडू शकते, हे मराठ्यांच्या दरबारांना तेव्हा प्रथम इतक्या उघडपणे दिसले. पुढे चाळीस वर्षांनी नागपूरला हाच मुद्दा उलट्या दिशेने उपस्थित झाला.

अधिकारांचे एकत्रीकरण : मद्रास ते देवगाव

मद्रासमध्ये हा संघर्ष याहून कटू झाला. हैदर अलीविरुद्धच्या युद्धासाठी वॉरन हेस्टिंग्जने सर आयर कूट याला स्वतंत्र अधिकार देऊन पाठविले. १७८१ मध्ये मद्रासचा गव्हर्नर म्हणून आलेल्या लॉर्ड मॅकार्टनीशी त्याचे सतत खटके उडाले. कूटच्या मृत्यूनंतर त्याच्या जागी आलेल्या जनरल जेम्स स्टुअर्टने गव्हर्नरचे हुकूम मानण्यास नकार दिला, तेव्हा सप्टेंबर १७८३ मध्ये मॅकार्टनीने त्याला चक्क अटक करून इंग्लंडला रवाना केले. पुढे १७८६ मध्ये दोघांनी लंडनमध्ये द्वंद्वयुद्ध करून हा हिशेब चुकता केला, ही बाब त्या काळातील प्रशासनाच्या मनोवृत्तीवर प्रकाश टाकते. त्याच वर्षी कॉर्नवॉलिस आला, तो गव्हर्नर जनरल आणि सरसेनापती ही दोन्ही पदे घेऊनच. वादावरचा उपाय म्हणून दोन्ही अधिकार एका व्यक्तीत एकवटण्यात आले.

नागपूरकर भोसल्यांना या उपायाचा अनुभव १८०३ मध्ये आला. २६ जून १८०३ रोजी गव्हर्नर जनरल वेलस्लीने आपला धाकटा भाऊ मेजर जनरल आर्थर वेलस्ली याला दख्खनमधील लष्करी व राजकीय असे दोन्ही अधिकार दिले. शिंद्यांच्या छावणीत असलेला रेसिडेंट कर्नल कॉलिन्स हाही या बाबतीत त्याच्या सूचनांना बांधील झाला. यानंतरचा घटनाक्रम वेगवान आहे. ६ ऑगस्टला युद्धाची घोषणा, २३ सप्टेंबरला असई, २३ नोव्हेंबरला शिंद्यांशी युद्धविराम, आणि अवघ्या सहा दिवसांनी, २९ नोव्हेंबरला, आडगावची लढाई. युद्धविरामाच्या अटी शिंद्यांच्या घोडदळाने पाळल्या नाहीत असे वेलस्लीने ठरविले आणि हल्ला केला. युद्धविराम करणारा, त्याचा भंग झाला की नाही हे ठरविणारा आणि हल्ल्याचा हुकूम देणारा एकच इसम होता. १५ डिसेंबरला गाविलगड पडला व १७ डिसेंबरला देवगावचा तह झाला. कटक प्रांत कंपनीकडे आणि वर्धा नदीच्या पश्चिमेकडील मुलूख निजामाकडे गेला.

अधिकार एकवटल्याने काम झटपट होते, हे यातून दिसते. पण त्या झटपटपणाची किंमत प्रतिपक्षाला मोजावी लागते, हेही नाकारता येत नाही. सेनापतीच्या हुकुमाविरुद्ध दाद मागण्यासाठी दुसरे दार उरत नाही. या मोहिमेत वेलस्लीबरोबर दुभाषाचे व सचिवाचे काम करणारा तरुण मुलकी नोकर माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन पुढे नागपूरचा रेसिडेंट झाला. त्याच्यानंतर या पदावर आलेला जेंकिन्स मात्र लष्करी मोहिमेत तयार झालेला नव्हता. तो दरबारात वावरून, पत्रव्यवहारातून आणि हेरांच्या बातम्यांतून राजकारण समजून घेणारा होता. १८०७ पासून त्याचा नागपूरशी संबंध होता; भोसल्यांच्या घराण्यातील रागलोभ त्याला तोंडपाठ होते.

तैनाती फौज कोणाची?

दुसरे रघुजी भोसले २२ मार्च १८१६ रोजी वारले. त्यांचा मुलगा परसोजी राज्यकारभारास असमर्थ होता. त्यांचे चुलतबंधू मुधोजी ऊर्फ अप्पासाहेब यांनी कारभार हाती घेतला आणि आपले स्थान बळकट करण्यासाठी मे १८१६ मध्ये कंपनीशी तैनाती फौजेचा करार केला. रघुजींनी आयुष्यभर टाळलेली ही गोष्ट त्यांच्या मृत्यूनंतर दोन-सव्वादोन महिन्यांतच घडली. १ फेब्रुवारी १८१७ रोजी परसोजी मृतावस्थेत आढळले व अप्पासाहेब गादीचे धनी झाले.

तैनाती फौजेची रचना या लेखाच्या दृष्टीने महत्त्वाची आहे. फौजेचा खर्च राजाने द्यायचा. ती कोठे ठेवायची, कोणत्या कामासाठी हलवायची, राजाची मागणी योग्य आहे की नाही, हे रेसिडेंटने ठरवायचे. तिची शिस्त, कवायत आणि रणांगणावरील हालचाल मात्र तिच्या लष्करी सेनानीच्या अखत्यारीत होती. म्हणजे एकाच पलटणीला तीन धनी होते, आणि त्यांपैकी पैसे देणाऱ्याचा हुकूम सर्वांत कमी चालत असे. शिवाय पलटणी वेगवेगळ्या इलाख्यांच्या होत्या. १८१७ च्या नोव्हेंबरात नागपुरात असलेल्या दोन पायदळ पलटणी (विसावी व चोविसावी) मद्रास इलाख्याच्या होत्या, तर घोडदळाच्या तुकड्या बंगालच्या सहाव्या रिसाल्यातील होत्या.

त्या वर्षी गव्हर्नर जनरल मार्क्विस ऑफ हेस्टिंग्ज (याची वॉरन हेस्टिंग्जशी गल्लत करू नये) पेंढाऱ्यांविरुद्ध प्रचंड मोहीम चालवीत होता. तो स्वतः सरसेनापतीही होता आणि बुंदेलखंडाच्या बाजूस छावणीत होता. नोव्हेंबरमध्ये त्या छावणीत पटकीची भयंकर साथ पसरली. दख्खनच्या सैन्याचा सेनापती सर थॉमस हिस्लॉप होता व त्याच्याबरोबर राजकीय प्रतिनिधी म्हणून सर जॉन माल्कम होता. नागपूरच्या तैनाती फौजेचा मोठा भाग कर्नल ॲडम्सच्या हाताखाली नर्मदेच्या खोऱ्यात गुंतला होता. सर्वोच्च पातळीवर मुलकी व लष्करी सत्ता एकाच व्यक्तीत एकवटली होती. पण ती व्यक्ती नागपूरपासून इतकी दूर होती, की प्रत्यक्ष संकटाच्या वेळी तिचा उपयोग नव्हता. नागपुरात मात्र ही सत्ता दोघांत वाटलेली होती.

सीताबर्डी : २४ ते २७ नोव्हेंबर १८१७

५ नोव्हेंबर १८१७ रोजी खडकीला पेशवे आणि इंग्रज यांच्यात युद्ध झाले. २४ नोव्हेंबरला अप्पासाहेबांनी पेशव्यांकडून आलेली खिलत व सेनापतिपदाची वस्त्रे जाहीर समारंभाने स्वीकारली. जेंकिन्सने याला हरकत घेतली. दुसऱ्या दिवशी, २५ नोव्हेंबरला, त्याने तेलंगखेडीच्या छावणीतील फौज सीताबर्डीच्या टेकड्यांपाशी, रेसिडेन्सीजवळ बोलावून घेतली. हा निर्णय मुलकी अधिकाऱ्याचा होता, परंतु त्याचे स्वरूप पूर्णतः लष्करी होते. फौज छावणीतच राहिली असती, तर रेसिडेन्सी आणि फौज यांमध्ये दरबाराचे सैन्य सहज शिरू शकले असते.

लेफ्टनंट कर्नल होपटाउन स्कॉटच्या हाताखाली जेमतेम दीड हजारांच्या आतबाहेर माणसे होती. अप्पासाहेबांच्या सैन्याचा अंदाज इंग्रजी कागदपत्रांत साधारण अठरा हजार असा येतो. त्यात तीन-चार हजार अरब होते व सुमारे पस्तीस तोफा होत्या. विजेत्यांनी केलेली शत्रूसंख्येची गणना थोडी सावधपणेच घ्यावी लागते. तरीही बळाची विषमता मोठी होती, याविषयी शंका नाही.

२६ नोव्हेंबरच्या संध्याकाळी दरबाराच्या वतीने नारायण पंडित वाटाघाटींसाठी रेसिडेन्सीत आले असतानाच टेकडीच्या बाजूस गोळीबार सुरू झाला. बोलणी करणारा एक हात आणि बंदूक चालविणारा दुसरा हात यांचा ताळमेळ दरबाराच्या बाजूसही नव्हता, ही बाब लक्षात ठेवण्यासारखी आहे. तिचा विचार पुढे येईल. रात्रभर मारा चालू राहिला. २७ तारखेच्या सकाळी अरबांनी धाकटी टेकडी जिंकली आणि तेथून थोरल्या टेकडीवर तोफा डागण्यास सुरुवात केली. जेंकिन्सचा साहाय्यक जॉर्ज सोदबी हा मुलकी अधिकारी या माऱ्यात ठार झाला. जेंकिन्सही टेकडीवर हजर होता. या क्षणी मुलकी आणि लष्करी हा भेद निरर्थक झाला होता.

घोडदळाचा कॅप्टन फिट्झजेराल्ड याची प्रसिद्ध कथा याच सकाळची आहे. बहुतेक सर्व इंग्रजी वृत्तांतांत ती येते. त्याने शत्रूच्या घोडदळावर चालून जाण्याची परवानगी वारंवार मागितली व स्कॉटने ती नाकारली. शेवटी, जायचे तर स्वतःच्या जबाबदारीवर जावे, असा निरोप आला. जबाबदारी माझी, असे म्हणत फिट्झजेराल्डने हल्ला केला आणि लढाईचे पारडे फिरले. मराठ्यांच्या तोफा हाती आल्या, धाकटी टेकडी परत मिळाली आणि दुपारपर्यंत लढाई संपली. इंग्रजांकडील मृत व जखमींची संख्या ३६७ होती, म्हणजे चार माणसांमागे जवळजवळ एक.

या कथेकडे शौर्यकथा म्हणून पाहण्याची प्रथा आहे. अधिकाराच्या प्रश्नाच्या दृष्टीने तिचा अर्थ निराळा आहे. राखीव घोडदळ अडवून धरण्यात स्कॉटची चूक नव्हती. ते गमावले असते, तर रेसिडेन्सीचे आवार उघडे पडले असते. हुकूम न देता जबाबदारी कनिष्ठाच्या माथी टाकण्याची त्याची पद्धत मात्र लष्करी शिस्तीत बसणारी नव्हती. यश आले, म्हणून ती झाकली गेली. याच लढाईतील दुसरी घटना तुलनेने कमी सांगितली जाते. चोविसावी पलटण ही १८०६ च्या वेल्लोरच्या बंडानंतर मोडलेल्या पहिल्या पलटणीतील शिपायांमधून उभी केलेली होती. सीताबर्डीच्या लढाईनंतर शिपायांनी बक्षिसाऐवजी आपला जुना क्रमांक परत मागितला व तो त्यांना मिळाला. निर्णयाच्या अधिकारावरून साहेबलोकांत वाद होत असताना, ज्यांनी टेकडीवर प्राण दिले त्यांची मागणी एवढीच होती.

१६ डिसेंबर : अंतिमोत्तर आणि तोफा

लढाईनंतर मदतीची कुमक येऊ लागली. २९ नोव्हेंबरला नर्मदेकडून लेफ्टनंट कर्नल गॅहनची तुकडी आली. १२ डिसेंबरला ब्रिगेडियर जनरल जॉन डव्हटन दख्खनच्या सैन्याची दुसरी तुकडी घेऊन नागपुरात दाखल झाला. स्कॉटपेक्षा तो पदाने कितीतरी मोठा होता. त्याच्यापाशी लढाऊ सैन्य होते. अटी ठरविण्याचा अधिकार मात्र जेंकिन्सकडेच राहिला. १५ डिसेंबरला जेंकिन्सने अप्पासाहेबांना निर्वाणीच्या अटी पाठविल्या. राजाने रेसिडेन्सीत यावे, तोफा स्वाधीन कराव्यात, अरबांना निरोप द्यावा, शहर तात्पुरते इंग्रजांच्या ताब्यात द्यावे आणि राज्याची पुढील व्यवस्था कंपनीच्या मर्जीनुसार व्हावी, असा त्यांचा आशय होता. अटी मान्य केल्यास गादी राहील, असेही त्यात अभिप्रेत होते.

१६ डिसेंबरच्या सकाळी अप्पासाहेब मोजक्या माणसांनिशी रेसिडेन्सीत आले. मुलकी दृष्टीने युद्ध तेथेच संपले होते. तोफा दुपारपर्यंत स्वाधीन होणार होत्या. त्या ताब्यात घेण्यासाठी डव्हटनने संपूर्ण सैन्य युद्धसज्ज रांगेत पुढे नेले. पहिल्या काही तोफा विनाविरोध मिळाल्या. नंतर सक्करदऱ्याच्या बाजूने गोळीबार सुरू झाला आणि नागपूरची दुसरी लढाई पेटली. राजा शत्रूच्या घरी बसलेला असताना त्याचे सैन्य लढत होते. या लढाईत सुमारे पंचाहत्तर तोफा इंग्रजांच्या हाती आल्या.

डव्हटनने सैन्य अशा रीतीने पुढे न्यावे की नाही, यावर दोन्ही बाजूंनी बोलता येते. शरणागतीच्या वेळी दगा होण्याची भीती खरी होती, त्यामुळे सेनानीने सावध राहणे योग्य होते. परंतु सज्ज रांगेत येणारी फौज पाहून पगार थकलेल्या आणि भवितव्याविषयी साशंक असलेल्या सैनिकांना ती शरणागती न वाटता हल्ला वाटणेही तितकेच स्वाभाविक होते. मुलकी अधिकारी अटींच्या भाषेत विचार करीत होता आणि लष्करी अधिकारी मैदानाच्या. दोघांच्या विचारांमधील या फटीत काही तासांत शेकडो माणसे पडली.

यानंतर अरब व हिंदुस्थानी शिपायांनी शहरातील राजवाड्याचा आश्रय घेतला. डव्हटनपाशी वेढ्यासाठी पुरेशा जड तोफा नव्हत्या. तरीही २४ डिसेंबरला जुम्मा दरवाज्यावर (आजच्या गांधी गेटवर) हल्ला झाला. तो मोठ्या हानीसह फसला. ज्या शहराच्या नावाने तैनाती फौजेचा करार झाला होता, त्याच शहराच्या पेठांवर ती फौज तोफा डागत होती. अखेर बोलणी झाली आणि ३० डिसेंबरला अरब आपले कुटुंबकबिले व खाजगी मालमत्ता घेऊन सुरक्षितपणे बाहेर पडले. फसलेल्या हल्ल्यानंतर शत्रूला असे सन्मानाने जाऊ देणे लष्करी मनाला रुचणारे नसते. लुटीचा वाटा हा त्या काळी सैनिकाच्या कमाईचा मान्य भाग होता, हेही ध्यानात घ्यावे लागते. रेसिडेंटच्या हिशेबात मात्र राजवाड्याच्या भिंतींपेक्षा दिवसांची किंमत अधिक होती. बाजीराव पेशवे अद्याप मोकळे होते व नागपूरचे राज्य विस्कळीत झाले होते.

शब्द कोणाचा?

याच काळात जेंकिन्सपुढे खरा पेच उभा राहिला. त्याचे मूळ सेनानींशी असलेल्या मतभेदात नव्हते. ते गव्हर्नर जनरलच्या धोरणात होते. सीताबर्डीच्या हल्ल्यानंतर अप्पासाहेबांना गादीवर ठेवू नये, असा हेस्टिंग्जचा कल होता. पण त्याच्या सूचना येण्यापूर्वी जेंकिन्सने अटी पाठविल्या होत्या आणि त्या मान्य करून राजा रेसिडेन्सीत आला होता. ६ जानेवारी १८१८ रोजी जेंकिन्सने अप्पासाहेबांशी करार केला. वऱ्हाडातील मुलूख, गाविलगड व नरनाळा हे किल्ले, नर्मदेच्या उत्तरेकडील व दक्षिणेकडील काही भाग कंपनीकडे गेला. सीताबर्डीच्या टेकड्यांवर तटबंदी करण्याचा हक्क कंपनीने मिळविला. अप्पासाहेब नावापुरते राजे राहिले.

वडगावला पराभूत समितीने दिलेला शब्द वरिष्ठांनी झिडकारला होता. नागपूरला विजयी रेसिडेंटने दिलेला शब्द गव्हर्नर जनरलने नाइलाजाने मान्य केला. दोन प्रसंगांतील फरक मुलकी आणि लष्करी यांतला नाही, विजय आणि पराजय यांतला आहे, असे कोणी म्हणेल. त्यात तथ्य आहे. मात्र तेवढ्याने उलगडा होत नाही. त्याच वर्षी ३ जून रोजी बाजीराव दुसरे माल्कमला शरण आले, तेव्हा माल्कमने आठ लाख रुपयांच्या वार्षिक निवृत्तिवेतनाचे आश्वासन दिले. हेस्टिंग्जला ही रक्कम फार वाटली, तरीही त्याने ती मंजूर केली. माल्कम सैनिक होता, जेंकिन्स मुलकी नोकर. दोघांनी वरिष्ठांचे मत डावलून शब्द दिला आणि दोघांचाही शब्द पाळला गेला. याउलट तापीकाठच्या थाळनेर येथे २७ फेब्रुवारी १८१८ रोजी हिस्लॉपने किल्लेदाराला फाशी दिले. तेथे तर सेनापतीने स्वतःच्या अधिकारात न्यायाधीशाचे काम उरकले. या कृत्याची चर्चा ब्रिटिश पार्लमेंटपर्यंत गेली, आणि सैन्याचे आभार मानताना हे प्रकरण त्यातून वगळण्यात आले. हातात तलवार आहे की लेखणी, यापेक्षा निर्णयाच्या जागी तो निर्णय घेणाऱ्याला कोण प्रश्न विचारू शकतो, याला महत्त्व होते. जानेवारीत नागपुरात जेंकिन्सला प्रश्न विचारू शकणारे कोणी नव्हते.

याचा प्रत्यय दोन महिन्यांतच आला. अप्पासाहेबांचा बाजीरावांशी पत्रव्यवहार चालू असल्याचे व परसोजींच्या मृत्यूत त्यांचा हात असल्याचे सांगून १५ मार्च १८१८ रोजी जेंकिन्सने त्यांना अटक केली. जो शब्द त्याने गव्हर्नर जनरलच्या मर्जीविरुद्ध पाळला होता, तो आता त्याने आपल्याच अखत्यारीत मोडला. राजाला अलाहाबादेकडे नेण्याचे काम लष्कराकडे, कॅप्टन ब्राउनच्या तुकडीकडे सोपविले गेले. १३ मे रोजी जबलपूरच्या बाजूस रायचूर येथील मुक्कामातून अप्पासाहेब शिपायाच्या वेषात निसटले. कैदी मुलकी अधिकाऱ्याचा, पहारा लष्कराचा, आणि पळवाट पहाऱ्यातीलच शिपायांना फितवून काढलेली. पुढे महादेवाच्या डोंगरात गोंड प्रमुखांच्या आश्रयाने अप्पासाहेबांनी झुंज चालू ठेवली. या पाठलागात डव्हटन आणि माल्कम हे दोघेही अशीरगडापर्यंत गेले. ९ एप्रिल १८१९ रोजी किल्ला पडला, पण अप्पासाहेब हाती लागले नाहीत.

दरबाराची बाजू

इंग्रजांच्या अंतर्गत मतभेदांची चर्चा करताना नागपूर दरबाराला केवळ बळीच्या भूमिकेत उभे करणे योग्य होणार नाही. नागपूरकर भोसल्यांचा परंपरागत किताब ‘सेनासाहेब सुभा’ असा होता. सेना आणि सुभा, म्हणजे लष्कर आणि प्रांताचा कारभार, हे दोन्ही या एका पदात सामावलेले होते. पहिल्या रघुजींच्या काळात ते खरेही होते. बंगालवर चालून जाणारा आणि चौथाईचा हिशेब करणारा एकच होता.

१८१७ पर्यंत ही एकवाक्यता उरली नव्हती. दरबारात नारायण पंडितांसारखे तडजोडीच्या बाजूचे कारभारी होते आणि युद्धाची बाजू घेणारेही होते. मनभट उपाध्ये यांच्याकडे पायदळ होते, गणपतराव सुभेदारांकडे घोडदळ. अरबांची निष्ठा प्रामुख्याने आपल्या जमादारांशी आणि थकलेल्या पगाराशी होती. २६ नोव्हेंबरला वाटाघाटी चालू असताना सुटलेली पहिली गोळी आणि १६ डिसेंबरला राजा शरण गेल्यानंतरही झालेला प्रतिकार, या दोन्ही घटनांतून राजाचा हुकूम त्याच्याच छावणीत चालत नव्हता, हे दिसते. गणपतराव पराभवानंतर आपले घोडदळ घेऊन बाजीरावांकडे निघून गेले. त्यांनी राजाची शरणागती आपल्याला लागू आहे, असे मानलेच नाही. जेंकिन्सने मात्र या सर्व कृत्यांची जबाबदारी अप्पासाहेबांवर टाकली. आपल्या सेनानीचे वर्तन आपल्या शब्दापासून वेगळे मोजावे, ही सवलत कंपनी स्वतःला घेत असे. प्रतिपक्षाला तिने ती दिली नाही.

सीताबर्डी आणि कामठी

२६ जून १८१८ रोजी तिसरे रघुजी अल्पवयात गादीवर बसले व राज्याचा कारभार जेंकिन्सने हाती घेतला. १८२६ च्या तहापर्यंत, आणि काही भागांत त्यानंतरही, रेसिडेंटच प्रत्यक्ष राज्यकर्ता होता. जमाबंदी, न्याय, पोलीस या सर्व बाबींत त्याचा शब्द अखेरचा होता. १८२७ मध्ये प्रसिद्ध झालेला नागपूर राज्याविषयीचा त्याचा अहवाल विदर्भाच्या सामाजिक व आर्थिक इतिहासाचे महत्त्वाचे साधन मानला जातो. तो वाचताना त्याचा लेखक एका युद्धातून सत्तेवर आला होता, याचा सहसा विसर पडतो.

फौजेसाठी मात्र नवी जागा निवडली गेली. १८२१ मध्ये कन्हान नदीच्या काठी, नागपूरपासून सुमारे नऊ मैलांवर, कामठीची छावणी वसविण्यात आली. सीताबर्डीच्या टेकडीवर किल्ला बांधला गेला व तेथे लहानशी शिबंदी राहिली. मोठी फौज शहरापासून दूर गेली. तेलंगखेडीहून एका दिवसात फौज बोलावून घेण्याची १८१७ ची निकड ज्यांनी अनुभवली होती, त्यांच्याच काळात हा निर्णय झाला, याचे आश्चर्य वाटते. पुढे जून १८५७ मध्ये टाकळीच्या रिसाल्यात उठावाची तयारी उघडकीस आली, तेव्हा कमिशनर प्लाउडन याला पुन्हा एकदा सीताबर्डीच्या टेकडीचा आश्रय आणि कामठीच्या मद्रासी फौजेची मदत, अशा दोन्ही गोष्टींवर विसंबावे लागले.

टेकडीवरील किल्ला आजही सैन्याच्या ताब्यात आहे व वर्षातील ठरावीक दिवशीच तो नागरिकांसाठी खुला होतो. टेकडीखालील जुन्या रेसिडेन्सीच्या जागी पुढे मॉरिस कॉलेज आले. आता तेथे वसंतराव नाईक शासकीय कला व समाजविज्ञान संस्था आहे.